सहा नंबरच्या पिंजऱ्यातलं पाणी

डॉक्टर नारुमोनबाईंनी कागद सायबुआ मावशीच्या पुढ्यात सरकवला आणि पेनाचं टोपण स्वतःच्या हाताने काढून दिलं. तीस वर्षांत मावशीला एवढा मान त्या इमारतीत कोणी दिला नव्हता.

मावशीने पेन घेतलं नाही. चष्मा उंदीरघरात राहिलाय म्हणाली आणि मला वाचायला सांगितलं. मी वाचलं. सहा नंबरच्या पिंजऱ्यातले पाच उंदीर रेबीजने मेले नाहीत आणि औषधानेही मेले नाहीत. शनिवार-रविवारच्या सुटीत त्यांची पाण्याची बाटली भरायची राहिली, म्हणून ते मेले. चूक उंदीरघर सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याची आहे, आणि म्हणून हे पाच उंदीर प्रयोगाच्या आकड्यांतून वगळण्यात येत आहेत. खाली मावशीचं पूर्ण नाव छापलेलं, आणि सहीसाठी टिंबांची ओळ.

वाचताना माझा आवाज कुठेही अडखळला नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही.

मावशी खुर्चीच्या कडेवर बसली होती. बाईंच्या खोलीत ती नेहमी तशीच बसायची, अर्धी खुर्ची कुणा दुसऱ्यासाठी ठेवल्यासारखी. साठीला टेकलेली, बुटकी, हाताला कायम जंतुनाशकाचा वास. सप्टेंबरअखेर निवृत्त होणार होती. जुलै चालू होता.

"पाणी मी भरलं होतं, बाई," ती म्हणाली. "शनिवारी दोनदा, रविवारी दोनदा."

हे बाईंनाही माहीत होतं. नदीपलीकडून पहिल्या होडीने सुटीच्या दिवशीसुद्धा येणारी आमच्यात ती एकटीच होती. इतरांच्या उंदीरघरांत उंदरांचं पाणी दिवसातून एकदा बघत, आमच्याकडे दोनदा. रेबीज झालेल्या उंदराचे मागचे पाय जातात. मग बाटलीच्या नळीपर्यंत त्याला उठता येत नाही. पाणी डोक्यावर लटकतंय आणि हा खाली पडून बघतोय. अशांसाठी मावशी दाणे पाण्यात भिजवून बाटलीच्या झाकणात घालून जमिनीवर ठेवायची. कुठल्याच नियमावलीत हे लिहिलेलं नव्हतं. नवी मुलं हसायची. म्हणायची, मावशी, उद्या मारायचेत त्यांना, आज कशाला पाहुणचार? मावशी म्हणायची, उद्याचं उद्या, तहान आज लागलीय.

तहानेबद्दल ती असं का बोलते हे जुन्या माणसांना ठाऊक होतं. तिची मुलगी मापरांग सहा वर्षांची असताना गेली. कुत्र्याचं पिल्लू, दोन महिन्यांचं, घरातलंच. घोट्याला दात लागला, रक्तसुद्धा धड आलं नाही. तेव्हा इंजेक्शनं पोटात घ्यावी लागत आणि हॉस्पिटल दोन होड्या बदलून होतं. सासू म्हणाली, पिल्लाला कुठला आलाय रोग? महिन्याने पोरीने पाणी मागितलं. मावशीने रांजणातून वाटी भरून ओठाला लावली, आणि पोर किंचाळून मागे सरली. तीन दिवस ती पाणी पाणी करत होती आणि पाणी दिसलं की तिचा गळा आवळत होता. दाराशी पावसाच्या पाण्याने भरलेले चार रांजण, आणि लेकरू तहानलेलं गेलं. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मावशी आमच्याकडे झाडूवाली म्हणून लागली. रेबीजची प्रयोगशाळाच का, हे तिला कोणी विचारलं नाही.

आता बाईंचं औषध. रेबीजचा विषाणू नसांमधून मेंदूत चढतो. शरीर काही गप्प बसलेलं नसतं. रक्तात त्याच्याशी लढणाऱ्या पेशी तयार होतात आणि भरपूर होतात. पण मेंदूला एक दार असतं, ते बंदच राहतं. शत्रू आत आणि फौज वेशीबाहेर, असं मी नव्या मुलांना समजावतो. बाईंचं औषध ते दार उघडायचं. तीन, चार आणि पाच नंबरच्या पिंजऱ्यांना ते लवकर दिलं. फौज आत शिरली, विषाणू मारला, पंधरापैकी तेरा उंदीर जगले. आम्ही त्या दिवशी भाजलेला मासा आणि चिकटभात मागवून जेवलो. मग सहा नंबरच्या पिंजऱ्याला औषध उशिरा दिलं, पाय लुळे पडल्यावर. कारण माणसं आमच्याकडे उशिराच येतात. फौज आत शिरली, विषाणू मेला, आणि मग त्या फौजेने घरच पेटवलं. पाचही मेले. त्यांच्या मेंदूचे काप मीच केले, मीच पाहिले. विषाणू नावालाही उरला नव्हता. मेंदू सुजून कवटीला चिकटले होते आणि पांढऱ्या पेशींनी भरून गेले होते. मी काचपट्ट्या बाईंना दिल्या. त्यांनी त्या टेबलाच्या खणात ठेवल्या आणि खण लावून घेतला.

परवानगी देणाऱ्या समितीने पत्र पाठवून विचारलं होतं, औषधासाठी वीस उंदीर दिले होते, हिशेब पंधरांचाच कसा? त्याचं उत्तर म्हणजे हा कागद.

बाई मावशीला समजावत होत्या. बाई समजावायला लागल्या की छान बोलतात. म्हणाल्या, पाच उंदरांपायी औषध तीन वर्षं अडकेल. मात्रा पुढे कमी-जास्त करता येईल, पण परवानगीचं दार एकदा बंद झालं की झालंच. मावशीची चौकशी होणार नाही, पेन्शनला धक्का लागणार नाही, हा शब्द त्यांचा. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मावशी, हे सगळं कुणासाठी चाललंय? तुमच्या मापरांगसारख्या लेकरांसाठीच ना?"

मला वाटलं मावशी उठून जाईल. ती उठली नाही. ती माझ्याकडे वळली.

"वितून, सोमवारी पिंजरा तूच उघडलास ना?"

"हो, मावशी."

"बाटली कशी होती?"

बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. खाली झाकणात भिजवलेले दाणे होते, आणि ते अजून ओले होते. ते झाकण मी स्वतः उचलून धुवायला टाकलं होतं. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या, त्या फाइली नीट लावत होत्या. त्या फाइलींत वरून तिसरी माझी होती. अकरा वर्षं मी दरवर्षी नव्या करारावर सही करून कामाला होतो आणि मला कायम करण्याची शिफारस बाईंच्या सहीसाठी थांबली होती.

"माझं लक्ष नव्हतं, मावशी," मी म्हणालो. "मेलेल्यांकडे बघत होतो."

"लक्ष नव्हतं," ती म्हणाली. "बरं."

मग तिने पेन घेतलं आणि टिंबांवरून, एकेक अक्षर सुटं सुटं काढत सही केली. नाव लिहायला ती इथे लागल्यावर शिकली होती.

बाहेर जिन्याखाली मी तिला गाठलं. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, तरी पेन्शनचं काही होणार नाही वगैरे बडबडलो. तिने मला मध्येच थांबवलं.

"नोकरीचं कोण बोलतंय रे? त्या पाचांची माफी कशी मागू मी आता? माफी मागायची तर आधी खरं सांगावं लागतं. काय सांगू, तुम्हाला मी तहानेनं मारलं?"

हे माफीचं प्रकरण सांगायला हवं. दरवर्षी ऑगस्टमध्ये आमच्याकडे उंदरांसाठी पुण्यकर्म होतं. विहारातून नऊ भिक्खू येतात, अकराच्या आत त्यांचं जेवण होतं, त्यांना चीवर दान देतात, आणि वर्षभरात मारलेल्या जिवांना पाणी ओतून पुण्य अर्पण करतात. सगळ्या मोठ्या प्रयोगशाळांत करतात. बाकी ठिकाणी आकडा कार्यालयातून येतो. आमच्याकडे तो मावशीच्या बरणीतून यायचा. उंदीर मेला की ती मागच्या चिंचेखालचा एक चिंचोका उचलून, धुऊन, बरणीत टाकायची. टाकताना त्याला सांगायची, तू असा असा गेलास, सुई मी धरली होती, किंवा वितूनने धरली होती, राग धरू नकोस. ऑगस्टमध्ये ती बरणी भिक्खूंपुढे ठेवायची आणि नंतर चिंचोके त्याच झाडाखाली पुरायचे. मी आधी चेष्टा करायचो. मावशी, म्हटलं, एवढे चिंचोके पुरतेस, उंदीर मारून मारून इथे चिंचेचं रान होईल. ती म्हणाली, होऊ दे, पुढच्या जन्मी तू उंदीर झालास तर सावलीला बसशील.

तिचा विश्वास असा की मेलेल्याला आपण कसे मेलो हे नीट कळत नाही. तो घोटाळत राहतो. कुणीतरी खरं सांगून माफी मागितली की सुटतो. मापरांगला तिने सांगितलं होतं की पिल्लू चावलं तेव्हा आईने तुला हॉस्पिटलात नेलं नाही. सासूचं नाव घेतलं नव्हतं.

त्या वर्षीच्या पुण्यकर्माला समितीची माणसंही आली होती. बाईंनीच बोलावली होती, आमच्याकडे प्राण्यांना किती मान आहे ते दिसावं म्हणून. मंडपात पंखे, पांढरं कापड, कमळाच्या कळ्या. बाई जरीकाठी रेशमात. मावशी मागच्या सतरंजीवर, मी तिच्या शेजारी. तिची उजवी मूठ वळलेली होती.

सुरुवातीला मोठे भंते पंचशील देतात. ते एकेक शील म्हणतात आणि आपण मागून म्हणायचं. मी जीवहत्या करणार नाही, हे म्हणताना दरवर्षी मला हसू येतं, कारण दुपारी दोन वाजता परत सुई घ्यायची असते. आमच्या धंद्यातल्या माणसाने पहिल्या शिलाकडे फार बघू नये. दुसरं झालं, तिसरं झालं. चौथं आलं, खोटं बोलणार नाही. सगळा मंडप एका सुरात म्हणाला. बाई म्हणाल्या, समिती म्हणाली, मीही म्हणालो, आणि आवाज तेव्हाही अडखळला नाही.

शेजारून आवाज आला नाही. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. मावशी हात जोडून, ओठ घट्ट मिटून बसली होती. पाचव्या शिलाला ती पुन्हा सगळ्यांबरोबर म्हणू लागली. मंडपात दोनशे माणसं होती. एक आवाज कमी झाला तो माझ्याखेरीज कोणाला कळला नाही, आणि भंतेजींना कळला असेल तर ते काही बोलले नाहीत.

बाईंनी बरणी पुढे ठेवली, आकडा वाचला. पाणी ओतायची वेळ झाली. प्रत्येक जण छोट्या सुरईतून वाटीत धार धरून बसला. मावशीने थोडं ओतलं आणि हात थांबवला. भिक्खूंचं म्हणणं संपलं तेव्हा सगळ्यांच्या सुरया रिकाम्या होत्या आणि तिच्या सुरईत पाणी होतं. पाच चिंचोके तिच्या मुठीत होते, ते तिने ब्लाऊजच्या आतल्या खिशात टाकले.

सप्टेंबरअखेर तिला निरोप दिला. फुलांची माळ, भिंतीवरचं घड्याळ, एक चौकट केलेला फोटो. बाईंनी भाषण केलं. म्हणाल्या, तीस वर्षांची निष्ठा काय असते ते सायबुआ मावशींकडून शिकावं. मग हसून म्हणाल्या, "एखादी चूक कोणाच्या हातून होत नाही? आम्ही ती केव्हाच विसरलो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशीने हात जोडले, सगळ्यांना, धाकट्यांनासुद्धा, आणि घड्याळ काखेत धरून होडीच्या धक्क्याकडे गेली.

नोव्हेंबरात मी कायम झालो. पुढच्या वर्षी बाईंचा लेख छापून आला. त्यात पंधरा उंदीर होते, तेरा जगले होते, आणि खाली बारीक अक्षरांत, देखभालीतील त्रुटीमुळे एक गट वगळला आहे, असं होतं. मावशीचं नाव कुठे नव्हतं. तीस वर्षं केलेल्या कामातलं हेच तेवढं छापून आलं. बाई वाईट नव्हत्या, त्यांना खरंच मुलं वाचवायची होती, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत होतो. आता सांगत नाही.

औषध माणसाला द्यायला परवानगी मिळाली, तेव्हा मावशीला निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. पहिला माणूस दक्षिणेकडचा कोळी होता, बेचाळीस वर्षांचा. पाण्याची धास्ती सुरू झाल्यावर आणला होता, म्हणजे अगदी सहा नंबरच्या पिंजऱ्यासारखाच. औषध दिलं. तिसऱ्या दिवशी तो पाणी प्याला. हॉस्पिटलातल्या नर्सबाया रडल्या, आमच्याकडे फोन आला, मिठाई वाटली. चौथ्या दिवशी मेंदू सुजला आणि सहाव्या दिवशी तो गेला. रेबीजचा रोगी मरणारच, हे सगळ्या जगाला माहीत आहे, म्हणून त्याच्या बायकोने काही विचारलं नाही. कोणीच काही विचारलं नाही.

त्या रविवारी मी होडीत बसून मावशीकडे गेलो.

तिचं घर कालव्यावरच आहे, लाकडी, खांबांवर उभं. रांजण अजून दाराशी होते. मला बघून तिला नवल वाटल्याचं काही दिसलं नाही. बस म्हणाली आणि आधी पाणी आणून दिलं, मोठा ग्लास, काठोकाठ. भिंतीवर आमचं घड्याळ होतं, बंद पडलेलं. मी पाणी प्यालो आणि कोळ्याचं सगळं सांगितलं. मला वाटलं ती बाईंना शिव्या देईल, किंवा मला. ती ऐकत राहिली.

"तिसऱ्या दिवशी प्याला?" तिने विचारलं.

"प्याला, मावशी. दोन पेले."

"पोटभर?"

"नर्स म्हणाली, पोटभर."

"मग माझ्या पोरीपेक्षा बरा गेला," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण त्याला सांगायला हवं होतं कुणीतरी. आधी. की याच्यानं पाच मेलेत."

ती उठली, फडताळातून एक डबी घेऊन आली आणि चटईवर पाच चिंचोके ओळीने मांडले. चार वर्षं हाताळून ते गुळगुळीत झाले होते. मग तिने सुरई आणि वाटी आणली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"मी सांगू शकले नाही. मी खाली सही केलीय, माझं ते ऐकणार नाहीत," ती म्हणाली. "तू सांग. तू बघितलंस."

मग मी सांगितलं. त्या लाकडी जमिनीवर बसून पाच चिंचोक्यांना सांगितलं की तुम्हाला विषाणू सुईने मी टोचला, औषध मी दिलं, उशिरा दिलं. तुमच्या स्वतःच्याच पेशींनी तुमचे मेंदू जाळले, ते मी काचेखाली पाहिलं. पाणी होतं. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती, झाकणातले दाणे ओले होते, तेही मी पाहिलं. तुम्ही तहानेने मेला नाहीत. मला विचारलं तेव्हा मी माझं लक्ष नव्हतं म्हणून सांगितलं. माफ करा.

या वेळी मात्र आवाज अडखळला. पण समिती तिथे नव्हती, बाई नव्हत्या, कोळी मरून चार दिवस झाले होते आणि माझी नोकरी कायम होती. जिथे सांगून कोणाचं काही बिघडणार नव्हतं आणि कोणाचं काही सुधारणार नव्हतं, तिथे मी खरं बोललो.

मावशीने डोळे मिटून सुरईतलं पाणी धारेने वाटीत ओतलं, पार शेवटच्या थेंबापर्यंत. वाटी आणि चिंचोके घेऊन ती जिना उतरून खाली गेली. मी वरून बघत होतो. तिने हाताने माती उकरली, चिंचोके टाकले, वर पाणी घातलं आणि गुडघ्यावर हात टेकत टेकत परत वर आली.

मला माफ केलं असं ती म्हणाली नाही. होडीला अजून वेळ होता, म्हणून मी बसून राहिलो. तिने कारली चिरायला घेतली, मध्येच नजर वर करून बघितलं, आणि उठून माझा ग्लास भरला. मी अर्धा प्यालो. तिने परत भरला. होडीची शिट्टी होईपर्यंत तिने तो एकदाही रिकामा होऊ दिला नाही.